चार कंठ आणि चार सॅक्सोफोन

पाश्चात्त्य देशांत अलीकडे एक आगळी मैफल अधूनमधून ऐकावयास मिळते. मंचावर एका बाजूस वृंदगायक, दुसऱ्या बाजूस चार सॅक्सोफोनवादक. चर्चमधील गायन आणि नाचघरातील बाजा यांची गाठ पडली तरी कशी, असे आपण विचाराल. इतिहास असे सांगतो की, हे दोघे मूळचेच भाऊबंद आहेत.

१८१४ साली बेल्जियममधील दिनां गावी जन्मलेल्या अडोल्फ साक्सने हे वाद्य घडविले. देह पितळेचा, पण तोंडाशी वेताची पत्ती. १८४६ साली पॅरिसमध्ये त्याने पेटंट घेतले ते एका वाद्याचे नव्हे, तर लहानमोठ्या वाद्यांच्या साऱ्या कुटुंबाचे. त्यांतील प्रमुख चौघांची नावे सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बॅरिटोन. ही सारी माणसाच्या कंठांची नावे आहेत!

१८५७ साली पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात या वाद्याचा वर्ग निघाला. त्याच सुमारास सँजले या संगीतकाराने चार सॅक्सोफोनांसाठी रचना केली. पण १८७० साली वर्ग बंद पडला. साक्सचे दिवाळे निघाले आणि १८९४ साली तो दारिद्र्यात वारला. वाद्य उरले ते लष्करी बँडात. पुढे अमेरिकेतील जाझने ते उचलले आणि प्रतिष्ठितांनी त्यावर उथळपणाचा शिक्का मारला.

हा शिक्का पुसण्यास चौकडीच कामी आली. १९२८ साली मार्सेल म्यूल याने पॅरिसमधील लष्करी बँडातल्या सोबत्यांना घेऊन चौघांचा संच बांधला. १९३२ साली ग्लाझुनोव या वृद्ध रशियन संगीतकाराने त्या संचासाठी रचना लिहिली; आणि १९४२ साली, तब्बल बहात्तर वर्षांनी, विद्यालयाचा वर्ग म्यूलच्या हाताखाली पुन्हा उघडला.

मग १९९३ साली ऑस्ट्रियातील एका मठात हिलियर्ड संचाचे चार गायक सोळाव्या शतकातील मोरालेस या स्पॅनिश संगीतकाराचे भक्तिसंगीत गायले आणि नॉर्वेच्या यान गार्बारेकचा एकटा सॅक्सोफोन त्यांच्यात मिसळला. ते ध्वनिमुद्रण लाखो लोकांनी ऐकले. वाद्य तेथे पाचवा गळाच झाले होते.

आपली सनईही कित्येक पिढ्या नगारखान्यातच बसली होती. बिस्मिल्ला खाँनी तिला मैफलीत आणले तेव्हा वाद्य बदलले नव्हते, आपले कान बदलले होते. वाद्याचे गुण कारागीर घडवितो; त्याची पत मात्र ऐकणारे ठरवितात, आणि तेथे चूक झाली तर ती निस्तरावयास साक्सच्या वाद्याप्रमाणे पाऊणशे वर्षे लागतात.