लकव्यानंतर वय किती आडवं येतं? वृद्ध आणि तरुण रुग्णांच्या घरच्यांसाठी माहिती

रुग्ण दवाखान्यातून घरी येतो. अयादतीला नातेवाईक, मोहल्ल्यातले लोक येतात आणि त्यातलं कोणीतरी म्हणतंच, "आता या वयात काय बरं होणार? दुआ करा, बस." दुसऱ्या घरात ३५ वर्षांच्या तरुणाला झटका आलेला असतो. तिथे बोलणं उलटं असतं, "जवान आहे, आपोआप ठीक होईल."

ही दोन्ही वाक्यं रुग्णाचं नुकसान करतात. पहिल्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा व्यायाम थांबतो, दुसऱ्यामुळे तरुणाच्या गोळ्या. वयाचा फरक पडतो हे खरं आहे. पण तो नेमका कशावर पडतो आणि कशावर पडत नाही, हे घरच्यांना माहीत असलं पाहिजे.

लकवा म्हणजे काय?

आपण ज्याला लकवा, अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतो, तो हातापायाचा आजार नसून मेंदूचा आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि त्या भागाच्या पेशी मरू लागतात. बाहेरची हवा लागून लकवा होत नाही. कबुतराचं रक्त चोळल्याने तो बराही होत नाही, उपचाराची वेळ तेवढी निघून जाते.

२००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका वॉर्डात लकव्याच्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवण्यात आली. असे ४५६ रुग्ण आढळले. त्यांचं सरासरी वय ६६ होतं. साधारण ८० टक्के रुग्णांची रक्तवाहिनी बंद झालेली होती, तर सुमारे १८ टक्क्यांमध्ये रक्तस्राव होता. पहिल्या २८ दिवसांतच जवळपास ३० टक्के रुग्ण दगावले. म्हणजे हा मुख्यतः उतारवयाचा आजार आहे, पण तेवढाच नाही. चाळिशीच्या आतले रुग्णही डॉक्टरांकडे नेहमी येतात.

बरं होणं पहिल्या तासांत ठरतं

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं एकही लक्षण दिसलं की लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते.

मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांतल्या लोकांनी हे आधीच विचारून ठेवावं: रात्री-अपरात्री सीटी स्कॅन कुठे सुरू असतं? हे इंजेक्शन कुठे मिळतं? जालना की छत्रपती संभाजीनगर? जालन्याहून संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर आहे. आधी गावात, मग तालुक्याला, मग जालन्याला, मग घाटीत, असं करत गेलं तर साडेचार तास रस्त्यातच संपतात.

"वय झालंय, इंजेक्शन कशाला?" असं घरच्यांनी स्वतःच ठरवू नये. २०१२ मध्ये आयएसटी-३ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. तिच्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण ८० वर्षांच्या पुढचे होते. वेळेत इंजेक्शन मिळालेल्या त्या वृद्धांनाही फायदा झाला.

वयाचा परिणाम कशावर होतो?

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात लकव्याच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. हातापायातली ताकद, बोलणं अशा मेंदूच्या मूळ कामांमधली सुधारणा वयावर फारशी अवलंबून नव्हती. फरक पडला तो रोजच्या कामांत, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, संडासला जाणं, चालणं यांत. जी कमतरता उरते तिच्यावर दुसरी वाट काढणं वृद्धांना जास्त जड जातं.

याची कारणं समजण्यासारखी आहेत. उतारवयात स्नायू आधीच कमी झालेले असतात. अंथरुणावर चार दिवस काढले तरी पाय थरथरतात. सोबत शुगर, बीपी, गुडघेदुखी, कमी दिसणं, कमी ऐकू येणं असतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी मोठी असते आणि मेंदूचं नुकसानही जास्त होतं. पाणी पिताना ठसका लागून न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. चष्मा लावून द्या, कानाचं मशीन असेल तर घाला, शुगर सांभाळा, गुडघ्याचं दुखणं डॉक्टरांना सांगा. आपण ज्याला "वय" म्हणून सोडून देतो, त्यात अशा किती तरी सुधारण्यासारख्या गोष्टी असतात.

वृद्ध रुग्ण: कामातूनच व्यायाम

नुसता हात वर-खाली करण्यापेक्षा रोजच्या कामाचा सराव करून घ्या. भाकरी तोडणं, कुर्त्याची बटणं लावणं, स्टुलावर बसून वुजू करताना लुळ्या हातानेही लोटा धरायचा प्रयत्न करणं, तसबीहचे मणी सरकवणं, हे सगळं व्यायामच आहे. दर वेळी सूनबाई घास भरवत असेल तर हात कधी शिकणार? वेळ लागू द्या, सांडू द्या.

- पडण्यापासून जपा. मोरीत आणि संडासात धरायला दांडा बसवा, कमोड खुर्ची आणा, रात्री दिवा चालू ठेवा.
- लुळा हात धरून ओढत उठवू नका, खांदा निखळतो.
- झोपून राहणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत.
- पाणी किंवा जेवण देताना नीट बसवा. ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- नमाज खुर्चीवर बसून, तेही जमत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने अदा करण्याची सवलत आहे. हट्टाने उभं राहून पडण्यापेक्षा ती सवलत घ्यावी.

बोलणं गेलं, पण कलमा येतो

अब्बांना पाणी मागता येत नाही, पण कलमा किंवा पाठ असलेली सूरह सहज म्हणतात. घरचे चक्रावतात. काहींना वाटतं, मुद्दाम करतात. तसं नाही. लकव्यात भाषेवर परिणाम झाला तरी पाठ असलेले शब्द, मोजणी, दुआ बऱ्याचदा टिकून राहतात. मनातलं वाक्य नव्याने जुळवणं जमत नाही. अशा रुग्णाला वाचा उपचार तज्ज्ञ दाखवावा. घरात दखनी बोलत असाल तर सरावही दखनीतच करा. लहान वाक्यं बोला आणि उत्तराची वाट बघा.

तरुण रुग्ण: शरीर साथ देतं, पण आयुष्य लांब आहे

तरुणांमध्ये चालणं आणि रोजची कामं परत जमण्याची शक्यता जास्त असते. पण त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे. स्टील कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा शेतात परत काम जमेल का? मुलांच्या शाळेचं काय? बाहेरून ठीक दिसणारा माणूस लवकर थकतो, विसरतो, चिडतो. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. ते आळस किंवा इमानची कमजोरी नाही, त्यावर इलाज आहे.

कमी वयात लकवा आला तर कारण शोधणं फार गरजेचं आहे. न तपासलेलं बीपी, शुगर, तंबाखू-गुटखा, सिगारेट, लहानपणी तापानंतर खराब झालेली हृदयाची झडप, अशी कारणं असू शकतात. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत काही स्त्रियांच्या मेंदूच्या शिरेत गुठळी होते. बाळंतिणीला खूप डोकेदुखी, झटके किंवा हातापायात कमजोरी आली तर "नजर लागली" म्हणून थांबू नका. वेळेत उपचार झाले तर यातल्या बहुतेक जणी चांगल्या सुधारतात. बाळंतिणीचं पाणीही तोडू नका.

तरुणासमोर अजून ३०-४० वर्षं आहेत. बरं वाटलं म्हणून बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी बंद केली तर दुसरा झटका येऊ शकतो. रमजानमध्ये रोजा ठेवायचा की नाही आणि गोळ्या सहरी-इफ्तारला कशा बसवायच्या, हे आधी डॉक्टरांना विचारा. रोजा शक्यच नसेल तर कजा आणि फिदियाबद्दल आपल्या आलिमांना विचारा.

किती दिवस? आणि कोण करणार?

सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. सहा महिन्यांपर्यंत ती चालू राहते, नंतर वेग कमी होतो, पण दार बंद होत नाही. सराव सोडला तर मिळवलेलंही जातं, आणि म्हाताऱ्या माणसाचं लवकर जातं.

सगळं घरीच करून घेऊ, असाही समज नको. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. घरच्यांना प्रशिक्षण देऊन व्यायाम करून घेतलेल्या रुग्णांची स्थिती सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगली नव्हती. म्हणजे घरच्यांची खिदमत हवीच, पण ती फिजिओथेरपिस्टची जागा घेत नाही. रोज जाणं परवडत नसेल तर ठरावीक दिवसांनी दाखवून पुढचा व्यायाम बदलून घ्या. पडद्यामुळे अम्मी संकोचत असतील तर महिला फिजिओथेरपिस्ट आहे का, विचारा.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त राहिलं तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. गरजू कुटुंबातला रुग्ण ६५ वर्षांच्या आतला असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ च्या पुढचा असेल तर श्रावणबाळ योजना, यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा.

पुढच्या वेळी अयादतीला जाल तेव्हा दुआ जरूर करा. सोबत एवढंही विचारा: "आज व्यायाम झाला का? गोळी घेतली का?"