‘रामदास’ बोट आणि कादंबरीकाराचे इमान

पैनगंगेच्या काठी, सागवानाच्या रानात वसलेल्या किनवटच्या रहिवाशाला समुद्र ठाऊक असतो तो भूगोलाच्या पुस्तकातला. पाण्याचे रौद्र रूप त्याने पाहिलेच असेल तर ते ऐन पावसाळ्यात, सहस्रकुंडाच्या धबधब्यावर. त्यातून १९४७ च्या जुलैत आमचा हा तालुका निजामाच्या अमलाखाली, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. मुंबई इलाखा हा दुसऱ्याच सरकारचा मुलूख होता. तरीही त्या महिन्याच्या १७ तारखेस बुडालेल्या ‘रामदास’ बोटीवर कोणी ऐतिहासिक कादंबरी रचू पाहील, तर तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांलाही आहे. कारण कोकणच्या माणसाजवळ घराघरांतल्या आठवणींची साक्ष असते, आणि आम्हांला मात्र सर्वस्वी लेखकाच्या इमानावरच विसंबावे लागते.

हकीकत थोडक्यात अशी. दिवस गटारी अमावास्येचा होता. श्रावण लागण्यापूर्वी घर गाठावे म्हणून निघालेल्या चाकरमान्यांची आणि व्यापाऱ्यांची गर्दी घेऊन ‘रामदास’ सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. लोक जिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिची ही बोट. याच नौकावर्गातील ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी, समुद्राने गिळल्या होत्या. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांचे पाणी बोटीत शिरले, उतारू भयाने एका बाजूस धावले, आणि तोल गेलेली बोट तासाभराच्या आतच उलटली. बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यामुळे मुंबई शहर हाकेच्या अंतरावर असूनही दुपार उलटेपर्यंत अपघातापासून अनभिज्ञ राहिले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत अनेकांना ओढून घेतले. पण सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली, आणि स्वातंत्र्याचा दिवस जेमतेम महिन्यावर आला असताना कोकणातील कित्येक घरांत सुतक आले.

अशा प्रसंगाला कल्पनेचा स्पर्श झाला की काय घडते, याचे उदाहरण गुजरातेत आहे. १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत बेपत्ता झालेली ‘वैतरणा’ तिच्या विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणून विख्यात होती. कासम इब्राहिम नावाच्या कप्तानाची ती आगबोट लोकगीतांत हाजी कासमची झाली, आणि पुढे गुणवंतराय आचार्यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. लोकगीताला ही मुभा शोभते, कारण त्याचा हेतू शोक करण्याचा असतो, चौकशीचा नव्हे.

कादंबरीकाराची जबाबदारी याहून कठोर आहे. बुडणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात अखेरच्या क्षणी काय उमटले, हे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते; तेथे त्याने खुशाल कल्पना करावी, किंबहुना तोच त्याचा खरा प्रांत. परंतु गर्दी, पावसाळी वाहतूक आणि बिनतारी यंत्राचा अभाव या गोष्टी मानवी हातांतल्या होत्या. त्या गाळून सारा दोष समुद्राच्या कोपावर किंवा अमावास्येच्या अशुभावर लादणे, म्हणजे कलेच्या आडोशाने कसुरीला माफी बहाल करणे होय. ज्या वाचकाने समुद्र पाहिलेला नाही, त्याला तर ही लबाडी पकडताही येणार नाही. म्हणून ‘रामदास’वर लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम दस्तऐवज वाचावेत, वाचलेल्यांची साक्ष पाहावी, आणि मगच कल्पनेला हात घालावा.