मूलाकृती आणि प्रतिरूप : देवनागरी खिळ्यांपासून व्हेक्टर आरेखनापर्यंत

प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गावरील पालीसारख्या गावाच्या परिसरातही आज लग्नपत्रिका, जाहिरातफलक आणि स्मरणिकांची मुखपृष्ठे संगणकावर तयार होतात. कोयऱ्यांची किनार असो वा तोरणाची पाने, एक आकृती काढावयाची आणि तिचीच पुनरावृत्ती करावयाची, हे या कामाचे सूत्र आहे. ही पुनरावृत्ती कमी श्रमांत कशी साधावी हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. तथापि, 'एकच' कशास म्हणावे आणि 'वेगळे' कशास, हा निर्णय त्यात अनुस्यूत असतो. देवनागरी मुद्रणाला या प्रश्नाचा सामना संगणकापूर्वीच करावा लागला आणि त्यातील एक महत्त्वाचा प्रयत्न रत्नागिरीत झाला. या दोन इतिहासांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रत आणि प्रतिरूप

व्हेक्टर आरेखनात आकृती ठिपक्यांच्या रूपात साठवली जात नाही; बिंदू व त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा यांच्या गणिती वर्णनातून ती सिद्ध होते. तिची पुनरावृत्ती दोन प्रकारे करता येते. समजा, एका कोयरीस १२ बिंदू आहेत आणि किनारीत ४० कोयऱ्या हव्या आहेत. प्रत्येक कोयरीची स्वतंत्र प्रत केल्यास ४८० बिंदूंची नोंद ठेवावी लागते आणि आकारात बदल करावयाचा झाल्यास तो ४० ठिकाणी करावा लागतो. याउलट एक मूलाकृती ठेवून तिच्या ४० स्थानांची केवळ नोंद केल्यास १२ बिंदू पुरतात आणि मूलाकृतीतील बदल सर्वत्र आपोआप उमटतो.

या दुसऱ्या पद्धतीचे श्रेय आयव्हन सदरलँड यांच्याकडे जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला १९६३ साली सादर केलेल्या पीएच.डी. प्रबंधात त्यांनी 'स्केचपॅड' ही प्रणाली मांडली. तीत मूलाकृती आणि तिची प्रतिरूपे हा भेद स्पष्टपणे केलेला होता. पुढे १९८७ मध्ये ॲडोबी इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये कोरलड्रॉ ही सॉफ्टवेअर बाजारात आली. कोरलड्रॉमध्ये अधिक चिन्हाची कळ दाबताच निवडलेल्या आकृतीची प्रत त्याच जागी तयार होते, 'स्टेप अँड रिपीट'ने ठरावीक अंतरावर हव्या तितक्या प्रती मिळतात, तर 'क्लोन' मूळ आकृतीशी बांधलेला राहतो. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या आरेखन-भाषेतही एकदा वर्णिलेली आकृती अनेक ठिकाणी वापरण्याची सोय आहे.

खिळ्यांचे अर्थशास्त्र आणि रत्नागिरी

शिशाच्या खिळ्यांच्या काळातही हाच पर्याय समोर होता. अखंड पद्धतीत मात्रा-वेलांटीसह अक्षर एकाच खिळ्यावर ओतले जाई. छपाई सुबक होई, पण खिळ्यांची संख्या वाढे. डिग्री पद्धतीत मूळ अक्षर आणि त्याच्या वरखालच्या खुणा वेगवेगळ्या खिळ्यांवर असत. त्यामुळे संच लहान होई, मात्र जुळाऱ्याचे श्रम वाढत. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही 'केसरी'साठी खिळ्यांची छाटणी करून १९० खिळ्यांचा संच सिद्ध केला होता.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४-१९३७) लिपिशुद्धीची जी चळवळ चालविली, तिचे तर्कशास्त्र याहून पुढचे होते. आ, ओ, औ ही अक्षरे 'अ'ला खुणा जोडून लिहिली जातात. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना स्वतंत्र आकार कशासाठी? अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे, ही 'अ'ची बाराखडी होय. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'अ' ही मूलाकृती आणि इतर स्वर ही तिची प्रतिरूपे. 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत अंगीकारली होती. परंतु १९४७ मध्ये नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ती अमान्य केली आणि सर्वसामान्य लेखनातही ती रुजली नाही. खिळ्यांची बचत मुद्रकाच्या पदरात पडणार होती. तिची किंमत मात्र वाचकाने आपली सवय बदलून मोजावयाची होती.

आकार एक, अक्षरे अनेक

संगणकाने या पेचातून वेगळी वाट काढली. युनिकोडमध्ये इ, उ, ए यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. इतकेच नव्हे, तर 'ओ' हेदेखील स्वतंत्र अक्षर असून ते 'अ' व ओकाराची खूण जोडून लिहू नये, असे ते प्रमाणक सांगते. मात्र फाँटच्या अंतर्गत रचनेत 'ओ'चा आकार 'अ' आणि खूण यांच्या संदर्भाने घडविण्याची मुभा ट्रूटाइप तंत्रात आहे. म्हणजे आकाराची काटकसर फाँटमध्ये राहिली आणि अक्षराची ओळख लेखनात अबाधित राहिली. सावरकरांच्या योजनेत या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. वाचकाला तोशीस न देता बचत साधावयाची, तर त्या विलग करणे आवश्यक होते.

समारोप

या विवेचनाला एक व्यावहारिक बाजू आहे. छपाईच्या वेळी फाँट बदलू नये म्हणून मजकूर वक्ररेषांत रूपांतरित करण्याची प्रथा मुद्रण व्यवसायात रूढ आहे. असे केले की अक्षराचा आकार टिकतो, पण ते अक्षर म्हणून उरत नाही. संगणकाला त्यात नाव शोधता येत नाही, चूक दुरुस्त करता येत नाही. गावोगावच्या शाळा, देवस्थाने आणि ग्रंथालये यांच्या स्मरणिका ही स्थानिक इतिहासाची मोलाची साधने आहेत. त्यांची केवळ वक्ररेषांतील प्रत शिल्लक राहिली, तर उद्याच्या अभ्यासकाला मजकूर पुन्हा अक्षरशः टंकित करावा लागेल. म्हणून छापखान्याकडे वक्ररेषांची प्रत द्यावी, परंतु युनिकोडमधील मजकूर असलेली मूळ फाइल संस्थेच्या दप्तरी जतन करावी. प्रती कितीही निघोत, दुरुस्ती आणि शोध यांचा मार्ग मूळ प्रतीतूनच जातो.