वेषाआडचा माणूस

दिवाळी अंकासाठी एका संगणक-खेळाची हकीकत लिहितो आहे, असे सांगताच आमचे एक स्नेही चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "मास्तर, सोलापूरचे ऊन बाधले तुम्हाला!" त्यांचेही खरेच. मी मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत रेघोट्या शिकवणारा, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. या नव्या विद्येत मला फारसे कळत नाही. पण काही गोष्टी आपल्याला आपल्याच घरातले काही तरी दाखवून जातात, आणि मग त्या परक्या राहत नाहीत.

झाले असे. २०१९ सालच्या मे महिन्यात माझा भाचा सुटीला पुण्याहून आला. दुपारच्या वेळी बाहेर रस्ता तापलेला. घरात पंख्याखाली त्याचा तो खेळ चाललेला. मला हाक मारून म्हणाला, "मामा, मुंबई बघायची का? तिकीट नको!" मी जवळ जाऊन बसलो. खेळाचे नाव 'हिटमॅन २'. तो बाजारात आला १३ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन होऊन सहा दिवस झाले होते. करणारे लोक डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे, 'आयओ इंटरॅक्टिव्ह' या कंपनीतले.

या जातीच्या खेळांना मी चोरपावलांचे खेळ म्हणतो. त्यांचा इतिहास थोडक्यात असा. १९८७ साली जपानात 'मेटल गिअर' हा खेळ निघाला. शत्रूशी झुंजण्यापेक्षा त्याची नजर चुकवणे त्यात महत्त्वाचे होते. १९९८ च्या 'थीफ' या खेळात अंधार हाच मित्र, आणि फरशीवर वाजणारे स्वतःचे पाऊल हाच वैरी. मग २००० साली कोपनहेगनच्या या मंडळींनी 'हिटमॅन' मालिकेचा पहिला खेळ काढला आणि युक्ती पालटली. त्यांचा नायक काळोखात लपत नाही, भरगर्दीत लपतो. दुसऱ्याचे कपडे अंगावर चढवले, की झाला तो अदृश्य!

या नायकाला नाव नाही, आकडा आहे : सत्तेचाळीस. आपल्याला तो आकडा स्वातंत्र्याची आठवण देतो. हा मात्र पैसे घेऊन माणसे मारणारा. डोके तुळतुळीत, गळ्यात तांबडा टाय, आणि मानेमागे दुकानातल्या मालावर असतात तशा उभ्या रेघा.

ही स्वारी हिंदुस्थानात यापूर्वीही एकदा येऊन गेली होती. २००२ साली निघालेल्या खेळाच्या दुसऱ्या भागात शिखांच्या सर्वांत पवित्र स्थानाशी मिळतीजुळती वास्तू रक्तपाताची जागा म्हणून दाखवली गेली. शीख समाजाने रास्त हरकत घेतली, आणि पुढे तो मजकूर बदलण्यात आला. हे भाच्याकडून ऐकल्यावर मुंबईचे आता काय केले असेल, या शंकेनेच मी पडद्याकडे पाहू लागलो.

मुंबई त्यांनी मेहनतीने रंगवली होती, हे कबूल केले पाहिजे. दाटीवाटीची वस्ती, महालक्ष्मीच्या धोबीघाटाची आठवण व्हावी असे कपडे धुण्याचे ठिकाण, अर्धवट बांधलेला उंच मनोरा, रेल्वेचे आवार. मारायची माणसे तीन. दाऊद रंगन हा चित्रपटनिर्माता, वान्या शहा ही झोपडपट्टीची राणी, आणि वजीर काळे. आडनाव काळे, म्हणजे आमच्याकडचाच कुणी असावा! या काळेबुवांची मौज अशी, की त्यांचा चेहरा आधी खेळणाऱ्याला ठाऊकच नसतो. गर्दीतून तो हुडकून काढावा लागतो.

भाच्याचा सत्तेचाळीस एका कामकऱ्यामागून गेला, त्याला बेशुद्ध केले, त्याचे कपडे चढवले आणि त्या बिचाऱ्याला एका पेटाऱ्यात कोंबून उजळ माथ्याने चालू लागला. पहारेकऱ्यांनी मान वर केली नाही. पुढे तो न्हावी झाला तर काळ्याच्या गळ्याशी वस्तरा नेऊ शकतो, शिंपी झाला तर राणीची मापे घेऊ शकतो, आणि चित्रकार झाला तर रंगनचे चित्र काढायला उभा राहू शकतो. आमच्या व्यवसायाला एवढा मान पाहून मला जरा बरेही वाटले.

हिंसेचे हे दर्शन मला रुचले असे नव्हे. पण एका नियमाने माझे लक्ष वेधले. ठरलेल्या तिघांखेरीज दुसऱ्या कुणाचा जीव घेतला, तर गुण कापले जातात. सर्वांत वरची पदवी हवी असेल, तर धोबी, शिंपी, पहारेकरी, सगळे जिवंत राहिले पाहिजेत.

मध्येच भाचा हसून म्हणाला, "मामा, एवढा गोरा, टकला माणूस! तरी कुणी ओळखत कसा नाही?"

मी मास्तरकीला जागून त्याला आग्र्याची गोष्ट सांगितली. १७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले. बखरींतून चालत आलेली कथा अशी, की त्यांच्या बिछान्यावर हिरोजी फर्जंद शेला ओढून निजला होता, आणि महाराजांची अंगठी घातलेला हात तेवढा बाहेर ठेवला होता. फुलादखानाचे पहारेकरी डोकावले, अंगठी पाहिली आणि निश्चिंत झाले. "बघ," मी म्हणालो, "लोक चेहरा बघत नाहीत. अंगठी बघतात, नाही तर गणवेश बघतात."

हे बोललो आणि मी स्वतःच गप्प झालो.

माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत साच्यावर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ज्या भोंग्यांवर या गावाने घड्याळे लावली, ते भोंगे एकामागून एक मुके होत गेले. वडिलांची गिरणीही बंद पडली. मग ते पुण्याला एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. १९९८ च्या थंडीत आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, आणि मी पहिल्यांदाच त्यांना भेटायला गेलो. रात्र झाली होती. फाटकाशी खाकी कोट, टोपी आणि मफलर घातलेला माणूस उभा होता. मी तोऱ्यात म्हणालो, "ओ वॉचमन, फाटक उघडा. आमचे वडील आहेत इथे कामाला."

तो माणूस क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आरं, तुजा बा हाय की मी!"

ते मोठ्याने हसले. स्टुलावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली, चटणी तिखट झाल्याचे सांगितले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढे एकदा ते पंधरा दिवस आजारी होते. बदली माणूस तोच कोट घालून उभा राहिला. परत कामावर गेल्यावर, त्यांनीच सांगितले, "कुठे होता, काका?" असे विचारले ते फक्त पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराने.

त्या खेळातही असे एखाददुसरे असतात. सत्तेचाळीसने वेष घेतला, तरी काहींना तो फसवू शकत नाही. त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. "हे कोण?" मी विचारले. भाचा म्हणाला, "हे सोबत काम करणारे, मामा. यांना आपली माणसं चेहऱ्यानं माहीत असतात." कोपनहेगनच्या त्या कारागिरांनी केवळ खेळात अडचण असावी म्हणून हा ठिपका ठेवला असेल. मला मात्र तो पाहून पेपर टाकणारा पोरगा आठवला. आणि माझ्या डोक्यावर तो ठिपका त्या रात्री नव्हता, हेही आठवले.

वडील आता नाहीत. तो खेळही जुना झाला. २०२१ साली मालिकेचा पुढचा भागही आला. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी मी सातवीच्या वर्गाला सांगितले, "आपल्या शाळेच्या शिपाईमामांचे चित्र काढा. आठवून काढायचे." मुलांनी टोपी काढली, सदऱ्याची बटणे मोजून काढली, हातात घंटेचा टोल दिला. चेहरे मात्र पन्नास पोरांचे पन्नास, कुणाचेही. मी हसून खडू उचलला आणि फळ्यावर स्वतः काढू लागलो. टोपी झाली, बटणे झाली. चेहऱ्यापाशी खडू थांबला.

शेवटी मामांनाच बोलावून आणले आणि वर्गापुढे स्टुलावर बसवले. "सर, टोपी काढू का?" त्यांनी विचारले.

"काढा," मी म्हणालो.