डेनालीचे दर्शन

पर्वताच्या दर्शनास जावे आणि पर्वतानेच दर्शन देऊ नये, असा प्रसंग २०२४ सालच्या ऑगस्टात आमच्यावर आला. अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानात आम्ही दोन दिवस होतो. ज्याच्या नावाने ते उद्यान ओळखले जाते, तो २०,३१० फूट उंचीचा, उत्तर अमेरिका खंडातील सर्वोच्च पर्वत दोन्ही दिवस ढगांआड राहिला. उन्हाळ्यात येणाऱ्या तिघांपैकी जेमतेम एकास तो दिसतो, असे बसचालकाने सांगितले. दूरच्या यात्रेस जावे आणि गाभाऱ्याचे दार लावलेले आढळावे, तशी आमची अवस्था झाली. परंतु या स्थानाचा इतिहास जाणून घेतल्यावर मनाची रुखरुख बरीच निवाली. कारण हे उद्यान मुळात त्या पर्वतासाठी निर्माणच झाले नव्हते.

या उद्यानाचा विस्तार सुमारे साठ लक्ष एकर, म्हणजे गोव्याच्या साडेसहा पट आहे. एवढ्या भूमीत रस्ता एकच, तोही ९२ मैलांचा. त्यापैकी पहिल्या पंधरा मैलांपुढे खासगी मोटारींस सामान्यतः मज्जाव असून प्रवाशांस बसनेच जावे लागते. २०२१ साली डोंगर खचून हा रस्ता मध्येच तुटला. त्यामुळे आमची बस ४३ व्या मैलावरून परतली. ऑगस्टातच तेथील खुरटी झुडपे तांबडी होऊ लागली होती. इग्लू नावाच्या डोंगराखाली बस थांबली, तेव्हा एका लहान मुलीने वरच्या कड्यावरील पांढरे ठिपके दाखविले. ते ठिपके म्हणजे डॉल जातीची रानमेंढरे. या उद्यानाच्या जन्माचे कारण तीच होत.

१९०५ साली जवळच्या कांटिश्ना भागात सोने सापडले आणि माणसांची रीघ लागली. खाणकामगारांस मांस पुरविण्यासाठी धंदेवाईक शिकारी या मेंढरांचे कळप मारू लागले. १९०६ साली चार्ल्स शेल्डन हा निसर्गाभ्यासक तेथे आला. तो स्वतःही शिकारीच; परंतु विक्रीसाठी चाललेला संहार त्यास पाहवेना. १९०७-०८ चा हिवाळा त्याने टोकलाट नदीकाठच्या लाकडी खोपटात काढला. हॅरी कार्स्टेन्स हा वाटाड्या त्याच्या साहाय्यास होता. हा प्रदेश राखून ठेवावा, हा विचार त्याच्या मनात तेथेच रुजला. त्यानंतर सुमारे नऊ वर्षे तो या कार्याच्या पाठीस लागला. अखेर २६ फेब्रुवारी १९१७ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी कायद्यावर सही केली. उद्यानाच्या सीमा मेंढरांच्या वावरावरून आखल्या गेल्या. पर्वताचा बराचसा भाग त्यांच्या बाहेरच राहिला!

कायदा झाला, पण त्याच्या अंमलासाठी चार वर्षे पैसा मिळाला नाही. १९२१ साली कार्स्टेन्स पहिला अधीक्षक झाला, तेव्हा रक्षणास खरा आरंभ झाला. कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून बर्फात गस्त घालण्याची त्या काळची प्रथा आजही चालू आहे. पुढे कडक हिवाळ्यांनी मेंढरे रोडावली, तेव्हा लोकांनी दोष लांडग्यांच्या माथी मारला. १९३९ साली अडॉल्फ म्यूरी या शास्त्रज्ञाने तपास आरंभिला. मेलेल्या मेंढरांच्या कवट्या गोळा करून त्याने पाहिले, तो बहुतेक बळी म्हातारे, दुबळे अथवा अगदी लहान होते. १९४४ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तरीही काही वर्षे थोडेफार लांडगे मारले गेलेच. समजूत रुजण्यास लागतो त्याहून अधिक काळ ती उपटण्यास लागतो.

आता नावाची कथा. कोयुकॉन लोकांच्या भाषेत ‘डेनाली’ या शब्दाचा भाव ‘उंच असा तो’ एवढाच आहे. माणसाचे नाव स्थळास देण्याची चाल त्या लोकांत नाही. १८९६ साली सोने शोधणाऱ्या विल्यम डिकी याने या पर्वतास विल्यम मॅकिन्ले यांचे नाव दिले. मॅकिन्ले पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण अलास्कात त्यांचे पाऊल कधीच पडले नाही. ७ जून १९१३ रोजी शिखरावर पहिले पाऊल पडले ते वॉल्टर हार्परचे, आणि त्याची आई कोयुकॉन होती. त्या चढाईचे नेते पाद्री हडसन स्टक यांनी पुढच्याच वर्षी आपल्या ग्रंथात जुने नाव परत द्यावे असा आग्रह धरला. शेल्डनलाही उद्यानास तेच नाव हवे होते. दोघांचेही कोणी ऐकले नाही. उद्यानास ते नाव मिळण्यास १९८० साल उजाडले. त्याच वर्षी उद्यानाचा विस्तार होऊन संपूर्ण पर्वत त्यात आला आणि नव्याने जोडलेल्या भूमीत स्थानिक रहिवाशांस निर्वाहापुरती शिकार व मासेमारी करण्याची मुभा मिळाली. पर्वतास जुने नाव २०१५ साली मिळाले. २०२५ च्या जानेवारीत सरकारी आज्ञेने ते पुन्हा मॅकिन्ले झाले. उद्यानाचे नाव मात्र डेनालीच राहिले.

आमच्याकडे देवराई राखली जाते ती देवाच्या नावाने; तेथील वाळकी काटकी उचलण्यासही हात कचरतो. अलास्कात हे काम कायद्याने केले. परंतु शेल्डनसारखा एक मनुष्य बर्फात हिवाळा काढून बसला नसता, तर कायदाही झाला नसता. आणि कार्स्टेन्स गस्तीस निघाला नसता, तर झालेला कायदा कागदावरच राहिला असता. देवराईसही कोणी तरी राखणदार लागतोच.

परतताना त्याच डोंगराखाली बस पुन्हा क्षणभर थांबली. ढग तसेच होते. त्या मुलीने पुन्हा बोट दाखविले. मेंढरे आता थोडी वर सरकली होती, आणि त्यांच्यात एक लहानगे कोकरूही होते.