खटला संपतो, गोष्ट संपत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१० जून २००७. रविवारची रात्र, दहा वाजायला आले होते. मी तेव्हा न्यूजर्सीत लेकीकडे मुक्कामाला होतो. घरात सामसूम होती. जावई सोफ्याच्या काठावर येऊन बसले होते, लेक हातातला चहा विसरली होती. टीव्हीवर 'द सोप्रानोज' या मालिकेचा अखेरचा भाग चालू होता. न्यूजर्सीतल्याच एका गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो एका साध्याशा हॉटेलात घरच्यांची वाट बघत बसलेला. बायको येते, मुलगा येतो. मुलगी बाहेर गाडी लावायच्या खटपटीत. ती काही केल्या नीट लागत नाही. आतला एक अनोळखी माणूस टोनीकडे ओझरतं बघतो आणि उठून स्वच्छतागृहाकडे जातो. दाराची घंटी वाजते. टोनी मान वर करतो. आणि पडदा एकदम काळा. आवाजही बंद.

जावई ताडकन उठले. "नेमकी आत्ताच केबल गेली!" म्हणत ते टीव्हीमागच्या वायरी हलवू लागले. मी आपलं भाबडेपणानं विचारलं, "बिल भरलंय ना?" दहाएक सेकंदांनी त्या काळ्या पडद्यावर नामावली सुरू झाली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की केबल ठणठणीत आहे. शेवटच तसा आहे.

त्या रात्री अमेरिकेत सुमारे १ कोटी १९ लाख लोक ती मालिका बघत होते आणि केबल गेली असं वाटणारे आमचे जावई काही एकटे नव्हते. दुसऱ्या दिवशी जिकडे तिकडे तोच विषय. आमच्या घरात तर सरळ दोन पक्ष पडले. जावई म्हणाले, टोनी मेला. त्या अनोळखी माणसानं गोळी घातली आणि मरणाऱ्याला दिसतो तसा तो काळोख आपल्याला दाखवला. लेक म्हणाली, मुळीच नाही. तो जिवंत आहे, पण जन्मभर दार वाजलं की मान वर करून बघणार, हीच त्याची शिक्षा. जेवणाच्या टेबलावर दोघं पुरावे मांडू लागले. कुठल्या भागात कोण काय बोललं, नावेत बसून मरणाविषयी झालेलं ते संभाषण, स्वच्छतागृहाकडे जाणारा तो माणूस. मी ऐकत होतो आणि मला आमच्या कोर्टाची आठवण येत होती.

मी जिल्हा न्यायालयात तीस वर्षं नोकरी केली. बरीचशी वर्षं बेंच क्लार्क म्हणून, न्यायाधीशांच्या पुढ्यात खाली बसून. पुकारा, तारीख, मुद्देमाल, पंच, फितूर साक्षीदार हे माझे रोजचे शब्द. खोट्या खुनाच्या शेवटावरून शहाणीसुरती माणसं इतकी का भांडतात, हे कोडं त्या दिवशी डोक्यात शिरलं ते निघेना. मग मी या शेवटांचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगतो.

हे भांडण टीव्हीपेक्षा जुनं आहे. चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० रोजी वारला, तेव्हा 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' ही त्याची कादंबरी हप्त्याहप्त्यानं छापली जात होती. बारांपैकी सहाच हप्ते लिहून झाले होते. एडविन ड्रूड नाहीसा झालेला, संशय त्याच्या मामावर, जॉन जास्परवर, आणि उत्तर लेखकाबरोबर गेलं. वाचकांनी काय करावं? ७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये डिकन्सप्रेमींनी जास्परवर चक्क खटला भरला. न्यायाधीश जी. के. चेस्टरटन, ज्युरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ. ज्युरीनं निकाल दिला : खून नव्हे, सदोष मनुष्यवध. पुरावा पुरेसा नाही, पण अगदी सोडून द्यायचं तर बरं दिसत नाही, म्हणून ही तडजोड, असा शॉ यांचा एकंदर सूर. शेवटी चेस्टरटन यांनी न्यायालयाच्या अवमानाबद्दल स्वतःला वगळून सगळ्यांनाच दोषी ठरवलं. मी हे वाचलं तेव्हा एकटाच हसत बसलो होतो.

शेरलॉक होम्सची कथा तर बहुतेकांना ठाऊक आहे. डिसेंबर १८९३च्या 'स्ट्रँड' मासिकात कॉनन डॉयलनं त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात लोटलं. वाचक चिडले. लेखक वर्षानुवर्षं दाद देईना. पण १९०३मध्ये त्याला होम्सला जिवंत परत आणावंच लागलं. शेवट ठरवायचा हक्क आपलाही आहे, हे वाचकांना तेव्हापासून ठाऊक झालं म्हणायला हरकत नाही.

टीव्ही आला तेव्हा मात्र प्रश्न उलटा झाला. तिथे शेवटच नसायचा. अमेरिकेतली मालिका लोक बघेनासे झाले की गुपचूप बंद पडायची. नायक शेवटच्या आठवड्यातही नेहमीसारखाच एखादा गुन्हा सोडवायचा आणि पुढच्या आठवड्यात दिसायचा नाही, बस्स. हिशेब साधा होता. जुने भाग पुन्हा दाखवून पैसा मिळतो. शेवट कळला तर ते कोण बघणार?

हा रिवाज ठळकपणे मोडला तो 'द फ्युजिटिव्ह' या मालिकेनं. १७ सप्टेंबर १९६३ रोजी 'एबीसी' वाहिनीवर ती सुरू झाली. कल्पना रॉय हगिन्स यांची. रिचर्ड किंबल हा लहान मुलांचा डॉक्टर. त्याच्या बायकोचा खून होतो. घराजवळून पळणारा एक हात नसलेला माणूस आपण पाहिला, असं तो जीव तोडून सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही. फाशीच्या शिक्षेसाठी नेत असताना आगगाडी रुळांवरून घसरते आणि किंबल निसटतो. पुढची चार वर्षं, १२० भाग, तो गावोगाव नाव बदलून मिळेल ते काम करत त्या एकहाती माणसाला शोधतो आणि जेरार्ड नावाचा पोलीस अधिकारी त्याला शोधतो. डेव्हिड जान्सननं किंबल रंगवला होता. हॅरिसन फोर्डचा १९९३चा चित्रपट याच मालिकेवरून निघाला आणि आपल्याकडे महेश भट्ट यांच्या 'क्रिमिनल'लाही त्याच गोष्टीचा वास होता.

चौथ्या वर्षी मालिका थांबवायचं ठरलं तेव्हा वाहिनीतल्या वरिष्ठांना वेगळ्या शेवटाची गरज वाटत नव्हती. पण चार वर्षं ज्याच्याबरोबर लोक धावले, त्याला असं वाटेत सोडून कसं चालेल, असं म्हणणारेही आत काही जण होते. अखेर त्यांचं म्हणणं टिकलं. २२ आणि २९ ऑगस्ट १९६७ या दोन मंगळवारी 'द जजमेंट' हा दोन भागांचा शेवट दाखवला गेला. दुसऱ्या मंगळवारी सुमारे ७ कोटी ८० लाख लोक टीव्हीसमोर होते. त्या वेळी अमेरिकेत जेवढे टीव्ही चालू होते, त्यांतले शंभरात बहात्तर याच वाहिनीवर लागलेले. हा विक्रम पुढे १९८०पर्यंत कोणाला मोडता आला नाही.

शेवट काय? मनोरंजन उद्यानातल्या एका उंच मनोऱ्यावर किंबल त्या माणसाला गाठतो. तो कबुली देतो, पण ती ऐकायला किंबलखेरीज कोणी नाही. तो किंबलला मारणार एवढ्यात खालून जेरार्डच गोळी झाडतो. खुनी मेला, कबुलीही त्याच्याबरोबर गेली. मग शेजारचा एक माणूस पुढे येतो. त्यानं खून डोळ्यांनी पाहिलेला असतो. पण तेव्हा भीतीनं पाय गळाले आणि त्या शरमेपोटी तो इतकी वर्षं गप्प राहिलेला असतो. त्याच्या साक्षीवर किंबल सुटतो. कोर्टाबाहेर जेरार्ड त्याच्याशी हात मिळवतो. तेवढ्यात पोलिसांची एक गाडी येऊन थांबते आणि सुटलेला किंबल सवयीनं दचकतो. मला विचाराल तर मालिकेचं सगळं सार त्या दचकण्यात आहे. त्याच रात्री जान्सननं टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात 'खून मीच केला होता' अशी गमतीनं कबुली देऊन टाकली, ती गोष्ट वेगळी.

आता याच्याच शेजारी एक खरी हकीकत ठेवतो. ४ जुलै १९५४च्या पहाटे ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या एका उपनगरात डॉ. सॅम शेपर्ड यांच्या पत्नीचा राहत्या घरात खून झाला. घरात कोणी परका शिरला होता, असं शेपर्ड सांगत राहिले. वर्तमानपत्रांनी आधीच त्यांना दोषी ठरवलं होतं. मग कोर्टानंही ठरवलं. जवळजवळ दहा वर्षं ते तुरुंगात होते. जून १९६६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, वर्तमानपत्री गदारोळामुळे हा खटला न्याय्य रीतीनं चाललाच नव्हता. फेरसुनावणी झाली आणि १६ नोव्हेंबर १९६६ रोजी शेपर्ड निर्दोष सुटले. 'फ्युजिटिव्ह' या प्रकरणावर बेतलेली नाही, असं हगिन्स नेहमी सांगत. बेतलेली असो वा नसो, बघणाऱ्यांना दोन्ही डॉक्टर शेजारी शेजारी दिसत होते.

किंबल सुटला आणि लोक समाधानानं झोपले. शेपर्ड सुटले, पुढे काय? दारू जडली. काही दिवस त्यांनी पैशासाठी कुस्तीचे फडही केले. १९७०मध्ये, अवघ्या ४६व्या वर्षी ते गेले. वडिलांना अन्यायानं तुरुंगात ठेवलं, हे सिद्ध करण्यासाठी त्यांच्या मुलानं दिवाणी दावा लावला. २०००मध्ये ज्युरीनं तो मान्य केला नाही. म्हणजे एका ज्युरीनं दोषी म्हटलं, दुसऱ्या ज्युरीनं निर्दोष म्हटलं आणि तिसरी म्हणाली, निरपराध असल्याचं सिद्ध होत नाही. या गोष्टीला त्या एकहाती माणसाची कबुली मिळालीच नाही.

इथे मला आमच्या कोर्टातली एक बाई आठवते. तिच्या तरुण मुलाचा खून झाला होता. प्रत्येक तारखेला ती यायची, डब्यात भाकरी आणि वर फडक्यात गुंडाळलेला कांदा. पाच-सहा वर्षं खटला चालला. साक्षीदार एकेक करून फिरले. संशयाचा फायदा देऊन आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. कायद्यानं तेच योग्य होतं. पुरावाच उरला नव्हता. कोर्ट उठल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. रडत नव्हती. म्हणाली, "भाऊ, यांनी नाही मारला तर नाही. पण मग कुणी मारला, ते लिहिलंय का त्या कागदात?"

मी म्हटलं, "नाही मावशी, ते त्यात नसतं."

ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. त्यानंतर तिला तारीख नव्हती, त्यामुळे ती पुन्हा कधी दिसली नाही.

निकाल आणि शेवट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी शिकलो. कोर्ट निकाल देतं : समोर उभ्या असलेल्या माणसावर आरोप सिद्ध झाला की नाही, एवढंच. शेवट देणं हे त्याचं काम नाही आणि असूही नये. गोष्ट पुरी करण्याच्या हौसेनंच शेपर्ड यांना तुरुंगात घातलं होतं. म्हणून माणूस शेवट मागायला कादंबरीकडे, मालिकेकडे जातो. तिथेही पडदा काळा झाला की त्याला राग येतो. तो राग मला आता पोरकट वाटत नाही.

'सोप्रानोज'चे कर्ते डेव्हिड चेस यांनी तेव्हा न्यूजर्सीच्या 'स्टार-लेजर' या वृत्तपत्राला सांगितलं की, जे आहे ते पडद्यावर आहे, खुलासा करण्यात मला रस नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, टोनी मरतो असं आपल्या मनात होतं, असं सुचवणारं ते बोलले. तरी भांडण मिटलं नाही. टोनी झालेला जेम्स गँडोल्फिनी २०१३मध्ये रोमला वारला, तरी लोक टोनी जिवंत आहे का हे विचारतच राहिले. ब्लूमफिल्ड गावातल्या ज्या आइस्क्रीमच्या दुकानात तो प्रसंग चित्रित झाला, तिथला तो बाक २०२४मध्ये लिलावात ८२ हजार ६०० डॉलरना गेला!

हसू नका, आपणही त्यातलेच. मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'पासून शिवाजी साटम आपल्या घरातले पोलीस आहेत. 'सीआयडी' १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली, १,५४७ भाग झाले आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली. एप्रिल २०२५मध्ये त्यातले एसीपी प्रद्युम्न मारले गेले, तेव्हा केवढा गहजब झाला! नंतर ते पात्र परतलं. माझी नात त्या वेळी दोन दिवस धुसफुसत होती. "आजोबा, असा कसा शेवट करतात?" तिनं मला विचारलं.

"तू असतीस तर कसा केला असतास?" मी म्हटलं. तिनं मला अर्धा तास सांगितलं. सगळे गुन्हेगार पकडले गेले, सगळे साक्षीदार खरं बोलले, कोणी फितूर झालं नाही. मी मध्ये एकदाही हरकत घेतली नाही. मनात मात्र येत होतं, त्या मावशींना हे ऐकायला बोलावलं असतं तर बरं झालं असतं.