इंदापूरची फेरपाहणी व नोंदींची पडताळणी

महाराष्ट्राच्या जमीन महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्यास विशेष स्थान आहे. आर. के. प्रिंगल यांनी १८२८ पासून पुणे जिल्ह्यात केलेली जमाबंदी निव्वळ उत्पन्नाच्या अंदाजावर उभी होती. कागदोपत्री ती शास्त्रशुद्धच होती! परंतु हाताखालील कर्मचाऱ्यांच्या नोंदी विश्वासार्ह ठरल्या नाहीत. आकारणी जड झाली व जमिनी पडीक राहिल्या. पुढे १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात प्रत्यक्ष जमीन पाहून प्रतवारी नव्याने केली व ३० वर्षांचे दर ठरविले.

संगणकीकरणात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. मूळ फाइल व पेन ड्राइव्हवरील प्रत तंतोतंत जुळते काय, हे चेकसम सांगतो. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. १ मे २०१८ पासून उपलब्ध झालेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र मूळ नोंदच सदोष असल्यास तिची प्रतही या कसोटीस निर्दोष उतरते. स्वाक्षरीपूर्वी, २०१७ मध्ये, बारामती-इंदापूरसह राज्यभर चावडीवाचन योजावे लागले ते यामुळेच. तलाठ्याने संगणकीकृत सातबारा मोठ्याने वाचावयाचा व खातेदाराने त्यातील चूक दाखवावयाची, अशी ती पद्धत होती.